कोडिंगच्या गटासाठी मॅस्कॉट ठरवताना: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

पायथन, रस्ट, गो, प्रोग्रामिंगची भाषा कुठलीही असो. गावात तिचा गट जरा जम धरायला लागला, रविवारच्या बैठकीला नियमाने चेहरे दिसायला लागले, की कुणीतरी म्हणतंच, "आपला पण एक मॅस्कॉट पाहिजे की." मॅस्कॉट म्हणजे गटाची ओळख बनणारं एखादं पात्र. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पोल पडतो. वाघ, गरुड, रोबो, परत वाघ. दोघं रुसतात आणि शेवटी इंटरनेटवरून उचललेलं कसलंतरी चित्र ग्रुपच्या डीपीला चिकटतं. पुढे टी-शर्ट छापायची वेळ आली की मग शोधाशोध सुरू होते, हे चित्र नेमकं कुणाचं?

आमच्या पायथनच्या गटात हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यातून जे कळलं ते नव्याने गट काढणाऱ्यांसाठी लिहितोय. मतदान हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मतदानाला काय ठेवायचं आणि निवडलेल्या चित्रावर हक्क कुणाचा, ही दोन कामं आधी उरकली तर बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

आधी हे जमवा

- मॅस्कॉट कशासाठी हवाय ते लिहिलेला एक पानी कागद
- इंकस्केप किंवा तसंच एखादं व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या) चित्रांचं सॉफ्टवेअर (इंकस्केप फुकट आहे)
- फाइल्स ठेवायला गटाच्या नावाचं ईमेल खातं. एखाद्याच्या खासगी खात्यात ठेवू नका. तो नोकरीला पुण्याला गेला की फाइल्सही गेल्या
- चित्रकाराचं सही केलेलं पत्र (नमुना पुढे दिलाय)
- सूचनांना तोंडावर "नाही" म्हणू शकेल असा एक माणूस. चार अ‍ॅडमिन नकोत, एकच

१. नवीन मॅस्कॉटची गरज आहे का, ते बघा

बऱ्याच भाषांकडे मॅस्कॉट आधीच आहे आणि तो वापरायला मोकळाही आहे. रस्टचा खेकडा फेरिस हा कॅरेन रस्टाड टोल्वा यांनी काढला आणि सार्वजनिक मालकीत सोडून दिला. तुमचा गट रस्टचा असेल तर फेरिसच्या खांद्यावर सोलापुरी चादर टाका, झालं काम. गो भाषेचा गोफर रेने फ्रेंच यांचा. तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अ‍ॅट्रिब्यूशन परवान्याखाली आहे, म्हणजे बदल करा, छापा, विका, फक्त मूळ चित्रकाराचं नाव द्या. जावाचा ड्यूक २००६ साली खुला झाला. पीएचपीचा निळा हत्ती व्हिन्सेंट पाँतिए यांना १९९८ साली सुचला, तो पीएचपी ही अक्षरं आडवी बघताना.

इथे एक फसगत होते. मॅस्कॉट मोकळा आहे म्हणजे भाषेचं नाव आणि बोधचिन्हही मोकळं, असं नसतं. फेरिस कुणीही वापरावा, पण रस्टचं चक्रातलं बोधचिन्ह आणि नाव हे रस्ट फाउंडेशनचे ट्रेडमार्क आहेत. पर्लच्या उंटाची गोष्ट अजून वेगळी. तो ओरायली प्रकाशनाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आला आणि त्याचा ट्रेडमार्कही त्या प्रकाशनाकडेच. आपल्या भाषेचं ट्रेडमार्क धोरण अधिकृत साइटवर असतं. ते वाचायला अर्धा तास लागतो. वाचा.

आमच्या पायथनची अडचण अशी की दोन सापांचं जे बोधचिन्ह सगळ्यांना माहीत आहे तो पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ट्रेडमार्क. भाषेचं नाव तर सापावरून नाहीच, मॉंटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून आहे. शिवाय सापाचं स्टिकर फ्रिजवर लावायला निम्म्या घरांतून नकार. तेव्हा नवीन शोधणं भाग होतं.

२. मॅस्कॉट आणि बोधचिन्ह एकत्र करू नका

बोधचिन्ह पत्रावर, प्रमाणपत्रावर, कॉलेजच्या प्राचार्यांना हॉल मागायच्या अर्जावर जातं. मॅस्कॉट हसतो, रडतो, चादर ओढून झोपतो. फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीवाल्यांकडे बीस्टी नावाचा लाल छोटा सैतान वर्षानुवर्षं दोन्ही कामं करत होता. २००५ साली त्यांनी बोधचिन्हासाठी वेगळी स्पर्धा घेतली आणि बीस्टी मॅस्कॉट म्हणून राहिला. नवीन गटाला बोधचिन्ह म्हणून नुसतं नीट लिहिलेलं नाव पुरतं.

३. एक पानी कागद लिहा

तीनच प्रश्न. कोण बघणार? कुठे छापणार? बघून काय वाटायला हवं? आमच्या कागदावर तिसऱ्या प्रश्नापुढे "नवीन मुलाला भीती वाटू नये" एवढंच होतं, आणि तेवढ्याने सगळे वाघ-सिंह बाद झाले. सूचना मागवायच्या आधी हा कागद ग्रुपवर टाका. नंतर टाकलात तर लोक म्हणतात, आमची सूचना पाडायला नियम केला.

४. सूचना मागवा, पण चाळणी लावून

सोलापुरात सूचना कुठून येणार हे आधीच सांगता येतं. सिद्धेश्वराचे नंदीध्वज, भुईकोट किल्ला, चादर, धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), शेंगा चटणी, डाळिंब, माळढोक, काळवीट. यातलं काय मतदानापर्यंत जाऊ द्यायचं?

श्रद्धेचं काहीही नको. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांबद्दल आपल्या सगळ्यांना प्रेम आहे, आणि म्हणूनच ते "एरर आला" म्हणून रडणाऱ्या स्टिकरवर नकोत. मॅस्कॉटची थट्टा होणारच, त्यासाठीच तो असतो. ज्याची थट्टा चालणार नाही ते मॅस्कॉट होऊ शकत नाही.

भारताची राजमुद्रा, अशोकचक्र, शिवछत्रपतींचं नाव किंवा प्रतिमा यांना चिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० लागू आहे. त्या वाटेला जाऊच नका. कुठल्याही पक्षाचं निवडणूक चिन्ह किंवा त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर तेही वगळा. नाहीतर पुढच्या महापालिका निवडणुकीत तुमचा टी-शर्ट घालून फिरणं अवघड होईल.

आणि जे प्राणी आधीच दुसऱ्यांनी घेतलेत ते बघा. हत्ती पीएचपीकडे आहे, पोस्टग्रेस या डेटाबेसकडे आहे, हडूप या डेटा हाताळायच्या सॉफ्टवेअरकडेही आहे. पेंग्विन म्हटलं की लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये काढलेला लिनक्सचा टक्स. कायद्याने अडत नाही, पण चौथा हत्ती कुणाच्या लक्षात राहणार?

५. प्रत्येक कल्पना या कसोट्यांवर घासा

मतदानाच्या आधी, कच्च्या चित्रांवर. इथे वेळ द्या. बाकी कुठे घाई केली तरी चालेल, इथे नको.

*बॉलपेनची कसोटी.* चित्र काढता न येणाऱ्या माणसाला कल्पना तोंडी सांगा आणि पावतीच्या मागच्या बाजूला तीस सेकंदांत काढायला लावा. दुसऱ्याला ते ओळखता आलं पाहिजे. आमच्याकडे काळवीट इथेच अडला. त्याची पिळदार शिंगं हीच त्याची ओळख, आणि बॉलपेनने काढलेली शिंगं कुणाला अँटेना वाटली, कुणाला सशाचे कान.

धोट्याचं जरा वाईट वाटलं. यंत्रमागाच्या घरातल्या मुलांनी तो क्षणात ओळखला. बाकीच्यांना होडी दिसली. धोट्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा जोरदार होता. जॅकार्ड मागाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं १८०४ पासून कापडावर नक्षी "वाचून" विणतायत आणि पुढे संगणकाची पंचकार्डं त्याच कल्पनेवर आली. आपल्या चादरीवरचा मोर हा एका अर्थाने प्रोग्रामच. सगळं खरं. पण धोट्याला तोंड नाही. डोळे चिकटवले तर तो डोळे असलेली होडी होतो. ही गोष्ट पहिल्या बैठकीत नव्या मुलांना सांगायला ठेवा, मॅस्कॉटला वापरू नका.

*सोळा पिक्सेलची कसोटी.* ब्राउझरच्या टॅबवरचं चिन्ह १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. तेवढं लहान करून बघा. शेंगदाण्याची शेंग इथे इंग्रजी आठचा आकडा झाली.

*उलट्या चादरीची कसोटी.* ही कसोटी खास आपली. जॅकार्डवर विणलेली दोन रंगी चादर किंवा टॉवेल उलटा केला की नक्षी तीच राहते, रंगांची अदलाबदल होते. मॅस्कॉटचे रंग तसेच उलटवून बघा. संगणकावर हे एका क्लिकचं काम आहे. यात जो टिकतो तो डार्क मोडमध्ये टिकतो, काळ्या टी-शर्टवर टिकतो आणि झेरॉक्सवरही टिकतो.

माळढोक इथे कसा उतरला ते सविस्तर सांगतो, कारण यातून चित्र कसं घडवायचं ते कळतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. पण पक्षी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आमच्या गटात शोधून सापडला नाही, इतका तो आता दुर्मीळ झालाय. पहिलं चित्र ग्रुपवर पडलं आणि पहिली प्रतिक्रिया आली, "हे शहामृग हाय का बे?" मान लांब, पाय लांब, अंग तपकिरी, वाटणारच. मग पक्ष्यांची माहिती असलेल्या एका मैत्रिणीने सांगितलं की तपकिरी रंग सोडा, तीन खुणा धरा: डोक्यावरची काळी टोपी, फिकट लांब मान, नराच्या छातीवरचा काळा पट्टा. तेवढ्या तीनच ठेवल्या, बाकी सगळं पुसलं. शहामृग गेलं. रंग उलटवल्यावर काळी टोपी पांढरी झाली आणि पक्षी थेट गांधी टोपी घालून पारावर बसल्यासारखा दिसायला लागला. सगळे हसले, आणि त्या हसण्यावरूनच पुढचा कल कळला.

*मूडची कसोटी.* एकच चित्र चालत नाही. खूश, वैतागलेला, झोपलेला, "चाललं बे!" म्हणणारा, अशा चार अवस्था कच्च्या का होईना, काढून बघा. चेहऱ्याची जागाच नसेल तर जमत नाही.

६. चित्रकार शोधा आणि पैसे द्या

गटातलाच कुणी असेल तर उत्तम, पण फुकट करून घेऊ नका. रक्कम लहान असली तरी ठरवून द्या. फुकटच्या कामात "हे जरा बदल" म्हणता येत नाही.

एआयने बनवलेलं चित्र अंतिम म्हणून घेऊ नका. कल्पना दाखवायला ठीक आहे. पण त्याची मालकी वादाची आहे, दुसऱ्या कुणाच्या चित्राशी ते किती जुळतंय हे तुम्हाला कळत नाही आणि त्याच पक्ष्याची दुसरी अवस्था मागितली की पट्टा मानेवर सरकतो.

चित्रकाराकडून एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची) फाइल घ्या, पारदर्शक पार्श्वभूमीची मोठी पीएनजी घ्या आणि एका रंगातली वेगळी आवृत्ती घ्या. चित्रात देवनागरी अक्षरं असतील तर ती पाथमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) बदलून घ्यायला विसरू नका. छपाईच्या दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, आणि गर्दीच्या वेळी ते कुणी तपासत नाही. आमच्या एका बॅनरवर "प्रोग्रामिंग"चे तीन तुकडे होऊन आले होते.

७. हक्कांचं पत्र: मतदानाच्या आधी

कंटाळवाणं वाटेल, पण हे वगळलंत तर वरचं सगळं वाया.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे चित्र काढलं की हक्क तयार होतो, नोंदणी लागत नाही. सर्वसाधारणपणे तो चित्रकाराचा असतो. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, हे गृहीत धरू नका. हक्क स्वतःकडे घ्यायचे तर हस्तांतरण लेखी आणि चित्रकाराच्या सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि पत्रात वेगळं म्हटलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो संपतो. "सर्व हक्क दिले" अशा एका ओळीच्या पत्राला म्हणून फारसा अर्थ नाही.

दुसरी अडचण: हक्क घेणार कोण? नोंदणी नसलेल्या गटाला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व नसतं. मग हक्क कुणा एका सदस्याच्या नावावर जातात, आणि पुढे त्याचं-गटाचं बिनसलं तर मॅस्कॉट त्याच्याबरोबर जातो.

यावर सोपा उपाय गोफरचा. हक्क चित्रकाराकडेच राहू द्या आणि चित्र क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुलं करून घ्या. एकदा दिलेला हा परवाना परवान्याच्या अटी पाळणाऱ्यांकडून मागे घेता येत नाही. चित्रकाराचं नाव राहतं, गटाला छापायची मोकळीक राहते, आणि उद्या पंढरपूरच्या किंवा बार्शीच्या गटाने आपला माळढोक घेऊन त्याला वेगळा पोशाख चढवला तरी कुणाची परवानगी लागत नाही. "व्यावसायिक वापर नाही" हा प्रकार टाळा. खर्च भरून काढायला टी-शर्ट विकणं त्यात बसतं की नाही यावरच वाद होतो.

पत्राचा नमुना:

> सोबत जोडलेल्या फाइल्समधील चित्र ही माझी स्वतःची मूळ निर्मिती असून ते दुसऱ्या कोणाच्या चित्रावरून घेतलेले नाही. हे चित्र मी क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली खुले करत आहे. श्रेय या शब्दांत द्यावे: ______. मोबदला रु. ______ मिळाला. नाव, सही, तारीख.

स्पर्धा घेणार असाल तर हे पत्र प्रवेशिकेसोबतच मागा. जिंकल्यावर मागितलं आणि तो नाही म्हणाला, तर विजेता बदलणार का?

कॉपीराइटची नोंदणी हवीच असेल तर कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, मालावर वापरायची असेल तर २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्र. ट्रेडमार्कला व्यक्तीसाठी ऑनलाइन ४,५०० रुपये, तेही प्रत्येक वर्गाला. लहान गटाला दोन्हीची गरज नाही असं माझं मत.

८. मतदान

इथपर्यंत तीन-चार कल्पना उरलेल्या असतात आणि त्यातली कुठलीही निवडली तरी चालणार असतं. एकच मत द्यायला लावू नका. दोन पक्षी आणि एक शेंग असेल तर पक्ष्यांची मतं फुटतात आणि शेंग निवडून येते. "जे जे चालेल त्या सगळ्यांवर खूण करा" हा साधा मार्ग. कल्पना जास्त असतील तर पसंतीक्रम घ्या. हास्केल या भाषेच्या नव्या बोधचिन्हासाठी २००९ मध्ये तसंच केलं होतं.

व्हॉट्सअ‍ॅप पोलवर कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. सीनियर मंडळींनी पहिल्या पाच मिनिटांत मत टाकलं की ज्युनियर त्यांच्यामागे जातात. बैठकीत चिठ्ठ्या घ्या किंवा नावाशिवायचा फॉर्म.

९. नाव

नाव सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही घरांत मोठ्याने म्हणून पाहा. पद्मशाली आजी आणि अक्कलकोट रोडवरची कन्नड शेजारीण, दोघींना विचारा. वाईट अर्थ निघत असेल तर त्या लगेच सांगतील. मग शोध घ्या. माळढोकाला "गिबी" म्हणायची सूचना आमच्याकडे आली होती. शोधल्यावर कळलं की २०२० साली गांधीनगरला झालेल्या स्थलांतरित वन्यप्रजातींच्या जागतिक परिषदेचा मॅस्कॉट माळढोकच होता आणि त्याचं नाव गिबीच. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध फुकट आहे. कपड्यांसाठी वर्ग २५, शिक्षणासाठी ४१, सॉफ्टवेअर सेवांसाठी ४२, एवढे तीन बघा.

१०. छपाई आणि स्टिकर

पहिला वापर व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरचा करा, खर्च शून्य. चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी फाइल, १०० केबीच्या आत, पार्श्वभूमी पारदर्शक. एका संचात किमान तीन स्टिकर लागतात, म्हणून चार अवस्था काढून घ्यायला सांगितलं.

टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि तसे पैसे वाढतात. दोन रंगांत बसवा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मरगळतो, तेव्हा आधी एक नमुना छापून बघा.

टॉवेलवर विणून घ्यायचा मोह आपल्याला होणारच. यंत्रमागवाल्याकडे आधी किमान किती नग घ्यावे लागतील ते विचारा, कारण नक्षी मागावर चढवायचाच खर्च मोठा असतो. आणि लक्षात ठेवा, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडून आणलेल्या मालावर मॅस्कॉट छापून तो "सोलापुरी" नावाने विकता येत नाही.

फाइल्स गटाच्या खात्यात एका फोल्डरमध्ये ठेवा: एसव्हीजी, पीएनजी, एक रंगी आवृत्ती, सहीचं पत्र स्कॅन करून, आणि श्रेयाची ओळ लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दबून जातो, आणि पट्ट्याच्या कडा फ्लेक्सवर फाटक्या दिसतात.